धातूला धातूचे कवच

न्हाणीघरातील तांब्याचा बंब विजेच्या यंत्रांनी आता पुष्कळ घरांतून माळ्यावर पाठविला आहे. तथापि त्याची रचना एकदा आठवून पहावी. मध्यभागी उभी नळी, नळीत निखारे आणि नळीच्या भोवती पाणी. विस्तव व पाणी यांचा परस्परांस स्पर्श होत नाही. मधली तांब्याची भिंत एकाची उष्णता दुसऱ्यास पोचविते. अशा साधनास शास्त्रीय परिभाषेत उष्णता-विनिमयक म्हणतात. मोटारीचा रेडिएटर, शीतकपाटामागील नळ्यांची जाळी, विद्युत्केंद्रात वाफेचे पुन्हा पाणी करणारा कंडेन्सर ही सारी बंबाचीच भावंडे होत.

या भिंतीला दोन शत्रू असतात. एक तिला खातो, तो गंज. दुसरा तिच्यावर बसतो, ते पुट. दुष्फेन पाणी तापले की त्यात विरघळलेला चुना आतून चिकटतो आणि बंब दिवसेंदिवस अधिक लाकडे मागू लागतो. तांबे या चुन्याच्या शंभर पटींहूनही अधिक सहजतेने उष्णता वाहून नेते. म्हणून पुट पातळ असले तरी ते महाग पडते. समुद्राच्या पाण्यात तर चुन्याच्या जोडीला शेवाळ, बुळबुळीत जीवाणू आणि शिंपल्यांच्या जातीचे जीवही येऊन बसतात.

धातूचे रक्षण दुसऱ्या धातूने करण्याची युक्ती आपल्या स्वयंपाकघरात फार जुनी आहे. कल्हईवाला भांडे तापवितो, नवसागराची पूड टाकतो, कथिलाची कांडी टेकवितो आणि कापसाच्या बोळ्याने तो रस चोहोकडे फिरवितो. नवसागर तांब्यावरील काळा थर काढून टाकतो, म्हणून कथील धरते. आणि कथील अवघ्या २३२ अंश सेल्सियसला वितळत असल्यामुळे साध्या भट्टीवर हे काम होते. कल्हई उडालेल्या भांड्यात आमसुलाचे सार ठेवले तर ते कळकते, म्हणजेच आंबटाने तांबे विरघळून विषारी क्षार अन्नात उतरतात. कथिलातून उष्णता तांब्याच्या मानाने बरीच कमी वाहते. परंतु थर इतका पातळ असतो की चुलीला त्याचा पत्ताही लागत नाही.

लोखंडावर मात्र कथील आणि जस्त यांचे वर्तन अगदी निरनिराळे असते आणि या विषयाचे मर्म येथेच आहे. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांस लागून राहिले की त्यांची विजेची घटमाला बनते; त्यांतील जो अधिक चंचल तो झिजतो, दुसरा वाचतो. जस्त लोखंडापेक्षा चंचल. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीवर ओरखडा पडला तरी जस्त स्वतः झिजून उघड्या लोखंडास सांभाळते. याउलट कथिलाचा मुलामा फाटला तर बाहेरच्या ओल्या हवेत लोखंड अधिकच त्वरेने गंजते. १८३७ साली फ्रान्समध्ये सोरेल याने वितळलेल्या जस्तात लोखंड बुडविण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. या कृतीत वीज मुळीच वापरीत नाहीत, तरी तिला गॅल्व्हानीचे नाव चिकटले आहे. ते वरील घटमालेमुळे शोभतेही, असे आम्हांस वाटते.

सोरेलच्या आधी सर हम्फ्री डेव्ही यांनी याच तत्त्वाचा प्रयोग इंग्लंडच्या आरमारावर केला होता. लाकडी जहाजांच्या तळास तांब्याचा पत्रा मारीत. तो समुद्रात झिजे आणि खर्च फार येई. १८२४ मध्ये डेव्हींनी तांब्यास जस्ताचे वा लोखंडाचे लहानसे तुकडे जोडून दाखविले. कोचीनला बांधलेल्या ‘समरंग’ या युद्धनौकेवरही ही योजना झाली. तांबे झिजावयाचे थांबले, शास्त्र जिंकले. परंतु जहाजे सफरीवरून परतली तेव्हा तळाला शेवाळ आणि कवचाचे जीव दाटीने चिकटलेले आढळले व जहाजांचा वेग मंदावला. कारण पूर्वी झिजणाऱ्या तांब्याचे विष पाण्यात उतरून या जीवांना दूर ठेवीत असे. झीज थांबली तसे विषही थांबले. १८२५ मध्ये आरमाराने ते तुकडे काढण्याचा हुकूम दिला. डेव्हींचा सिद्धान्त चुकला नव्हता. गंज आणि पुट यांचा आतून असलेला संबंध मात्र कोणाच्या ध्यानी आला नव्हता.

हा पेच आजच्या कंडेन्सरमध्येही जसाच्या तसा उभा राहतो. नव्वद भाग तांबे व दहा भाग निकेल यांच्या मिश्रधातूची नळी समुद्राच्या पाण्यात हळूहळू झिजते, पण तिच्यावर जीव फारसे बसत नाहीत. टायटॅनियमची नळी जवळजवळ झिजतच नाही. तिच्यात विष नसल्याने मात्र बुळबुळीत थर सुखाने वाढतो. म्हणून अशा नळ्यांतून पाण्याबरोबर स्पंजासारखे रबरी गोळे सोडून त्या घासून काढाव्या लागतात किंवा पाण्यात क्लोरिन मिसळावा लागतो.

संपूर्ण नळीच महाग धातूची करण्याऐवजी पोलादावर मुलामा देणे केव्हाही स्वस्त. १९४६ मध्ये अमेरिकेत ब्रेनर व रिडेल यांनी विजेवाचून, केवळ रासायनिक द्रावणातून निकेल चढविण्याची कृती प्रसिद्ध केली. या कृतीने लांब नळीच्या आतही सारख्या जाडीचा थर बसतो. तो गुळगुळीत असल्याने पुटाला पाय रोवावयास जागाही कमी मिळते. पण येथे कथिलाचीच अडचण पुन्हा येते. निकेल लोखंडाहून कमी चंचल. त्यात सुईच्या अग्राएवढे छिद्र राहिले तर सारा गंज त्या एकाच बिंदूवर तुटून पडतो. विद्युत्केंद्रात अशी एक नळी फुटली तरी खारे पाणी वाफेच्या शुद्ध पाण्यात शिरते आणि बॉयलरपर्यंत पोचते. म्हणून असा थर पुरेसा जाड आणि सलग आहे की नाही, हे तपासल्यावाचून त्यावर भिस्त ठेवता येत नाही. मोटारीतील वातानुकूलन यंत्राच्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांवर पुष्कळदा जस्त फवारतात, ते याच भयाने: जस्त पसरून झिजते व नळीला भोक पडत नाही.

आमच्या गोव्याच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या ट्रॉलरचे यंत्र दुरुस्त होत असेल तर तेथील मिस्त्रीस विचारावे. पुष्कळ यंत्रांच्या शीतकात समुद्राचे पाणी खेळते, तेथे पेन्सिलीएवढी जस्ताची कांडी पेचाने बसविलेली असते. ती अर्धीअधिक खाल्ली गेली की काढून टाकतात आणि दुसरी बसवितात.