सॉसचा कंटेनर मागवण्याआधी बाटल्या मोजा



मागच्या महिन्यात आपल्या एका दर्शकाचा फोन आला. त्याचा मावसभाऊ मॉरिशसमध्ये असतो, तिथे त्याची छोटी ट्रेडिंग फर्म आहे. दोघांचा प्लॅन असा की इथून टोमॅटो सॉस पाठवायचा आणि तिथे आयात करून दुकानांना विकायचा. सप्लायर म्हणाला, "पूर्ण कंटेनर घ्या, बाटलीमागे पंधरा रुपये वाचतील." त्यासाठी वडिलांची एफडी मोडायची तयारी झाली होती. प्रश्न एकच: "घेऊ का?"

मी म्हटलं, थांब. वही घे, आधी बाटल्या मोजू.

बाजार केवढा आहे?

मॉरिशसची लोकसंख्या साधारण साडेबारा लाख. म्हणजे अख्खा देश मिळून नागपूर शहराच्या निम्म्याच्या आसपास. आपल्याकडे एका शहरात माल नाही खपला तर शेजारच्या जिल्ह्यात ढकलता येतो. तिथे चारी बाजूंनी समुद्र. पोर्ट लुईसला उतरलेला माल तिथेच विकायचा, नाहीतर फेकायचा.

आता हिशोब

खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेत. तुम्ही तुमचे टाका.

वीस फुटी कंटेनरमध्ये अर्धा किलोच्या १२ बाटल्यांचे २,४०० बॉक्स, म्हणजे २८,८०० बाटल्या. पोहोच खर्च बाटलीला ८० रुपये. एकूण २३ लाख ४ हजार.

सॉसची मुदत १२ महिने धरू. पॅकिंग, कागदपत्रं, जहाज, कस्टम्स यात दोन महिने गेले. शेवटचे तीन महिने उरलेला माल दुकानदार घेत नाही. राहिले सात महिने, म्हणजे ३० आठवडे.

२८,८०० भागिले ३०, म्हणजे आठवड्याला ९६० बाटल्या. तुमच्याकडे ६० दुकानं असतील तर प्रत्येक दुकानात आठवड्याला १६ बाटल्या खपायला हव्यात. नवीन ब्रँड, जाहिरात शून्य, शेजारी ओळखीचे ब्रँड. खपतील?

मी स्वतः दुकान चालवतो म्हणून सांगतो. एकदा एका एजंटने नवीन सॉसचे चार बॉक्स ठेवले. "नाही खपला तर परत घेऊ" म्हणाला. आठवड्याला दोन बाटल्या जायच्या. एक्सपायरी जवळ आली तेव्हा एजंटचा फोन लागेना. त्यानंतर कुठलाही नवीन सॉस मी दोन बॉक्सच्या वर घेतला नाही. तिथला दुकानदारही माझ्यासारखाच वागणार.

तर दोन बाटल्याच धरा. ६० दुकानं, २ बाटल्या, ३० आठवडे: ३,६०० बाटल्या, फक्त ३०० बॉक्स. उरलेल्या २५,२०० बाटल्यांमध्ये २० लाख १६ हजार अडकले. एफडी गेली!

मग पंधरा रुपयांचं काय?

३०० बॉक्स पाठवायचे तर दुसऱ्यांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये जागा घ्यायची. याला एलसीएल म्हणतात. बाटली ९५ रुपयांना पडेल. ३,६०० बाटल्यांवर जास्तीचे गेले ५४ हजार. पण एकूण गुंतवणूक फक्त ३ लाख ४२ हजार. हे ५४ हजार नुकसान समजू नका, तो बाजार शिकण्याची फी आहे. वीस लाख वाचवायला ५४ हजार महाग नाहीत.

आणखी एक. मॉरिशसमध्ये व्हॅटचा सर्वसाधारण दर १५ टक्के आहे आणि आयातीच्या वेळीच तो भरावा लागतो. नोंदणी असेल तर पुढे विक्रीवरच्या व्हॅटमधून वजा होतो, पण तोवर पैसा आपल्या खिशातून जातो. पूर्ण कंटेनरवर ही रक्कम साडेतीन लाखांच्या आसपास. वर दुकानदाराची उधारी वेगळी.

खाणार कोण?

"तिथे मराठी लोक आहेत ना!" हे मला हमखास ऐकायला मिळतं. आहेत. त्यांचे पूर्वज प्रामुख्याने कोकणातून गेले. पण ते लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्याही आत. आपुलकीवर पहिली बाटली जाईल, दुसरी चवीवर आणि भावावर.

शिवाय टोमॅटोचं 'रुगाय' तिथे घरोघरी शिजतं. त्यामुळे स्वयंपाकाचा सॉस म्हणून विकणं कठीण, खाण्यासोबतचा केचप म्हणूनच विका. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे हॉटेलं. २०२४ मध्ये तिथे १३ लाखांहून जास्त पर्यटक आले. हॉटेलला अर्धा किलोची बाटली नको, मोठा कॅन किंवा सॅशे लागतो. ब्रँडपेक्षा ते दर आणि वेळेवर पुरवठा बघतात.

पैसे देण्याआधी

१. निर्यातदाराकडे आयईसी आणि फूड लायसन्स आहे का बघा. टोमॅटो केचप-सॉसचा एचएस कोड २१०३.२० आहे. ड्युटी याच कोडवर तपासा.
२. लेबल छापण्याआधी नमुना तिथल्या अन्न विभागाच्या नियमांशी जुळवा. इथे चालणारं प्रिझर्व्हेटिव्हचं प्रमाण तिथे चालेलच असं नाही.
३. ऑर्डरमध्ये लिहून घ्या: माल पॅकिंगपासून १५ दिवसांत निघाला पाहिजे. गोदामात पडलेला जुना माल नको.
४. आधी दहा दुकानदारांना नमुने द्या. "छान आहे" हे उत्तर धरू नका, किती बॉक्सचे पैसे देतो ते विचारा.

आपल्या दर्शकाने शेवटी ३०० बॉक्सची ऑर्डर दिली. वडिलांची एफडी बँकेतच आहे. माल खपला तर दुसरी खेप मोठी मागवता येईल, नाही खपला तर घर तरी शाबूत राहील.

आजचा गृहपाठ: तुमचा माल कुठलाही असो, विक्रीचे आठवडे गुणिले दुकानं गुणिले दर आठवड्याचा खप, हे गणित करा. येईल तेवढीच ऑर्डर द्या. सप्लायरची ऑफर त्यानंतर ऐका.