वर्तुळ दिसतं, कंटेनरचं पोट दिसत नाही

२०२५ च्या मे महिन्यात ‘एमएससी एल्सा ३’ ही मालवाहू बोट कोचीजवळ बुडाली, तिच्यातले प्लास्टिकचे दाणे केरळच्या किनाऱ्यावर वेचले जात होते, तेवढ्यात ‘वान हाय ५०३’ ही दुसरी मालवाहू बोट पेटली. मध्ये जेमतेम पंधरा दिवस गेले होते. ही तर कोलंबोहून आपल्या न्हावा-शेव्याकडेच येत होती. तिचे चार खलाशी बेपत्ता झाले. एल्सा तळाला गेली ती २५ मे रोजी. जहाजांच्या सुरक्षेचा जागतिक करार, ज्याला दर्यावर्दी नुसतं ‘सोलास’ म्हणतात, तो आजच्या रूपात लागू झाला तोही २५ मे रोजीच, १९८० साली. पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला असा अहेर क्वचितच कुणाला मिळाला असेल.

लगेच ‘नियम कडक करा’ अशी ओरड सुरू झाली. पण नियमांचा तुटवडा समुद्रावर कधीच नव्हता. टायटॅनिकचंच बघा. तिच्यावर लाइफबोटी कमी होत्या हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण नियम मोडून कमी नव्हत्या. तेव्हाचा ब्रिटिश नियम जहाजाच्या टनांवर चालायचा, माणसांच्या संख्येवर नाही. १० हजार टनांच्या पुढे जहाज कितीही मोठं असो, १६ बोटी पुरे. टायटॅनिकवर २० होत्या! म्हणजे कागदोपत्री ती नियमाच्या चार पावलं पुढे होती. माणसं मेली दीड हजार. पहिला सोलास करार १९१४ साली झाला तो यातूनच, आणि लगेच पेटलेल्या महायुद्धामुळे तो अमलात आलाच नाही.

माझ्या मते समुद्रावरचा सगळ्यात शहाणा नियम याहून जुना आहे, आणि तो रंगाच्या डब्यातून आला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातले काही मालक जुनाट जहाजं गळ्यापर्यंत भरायचे आणि त्यांचा भरघोस विमा उतरवायचे. जहाज पोचलं तर भाडं, बुडालं तर विमा. खलाशी या जहाजांना ‘तरंगत्या शवपेट्या’ म्हणायचे. डर्बीचे खासदार सॅम्युएल प्लिमसोल यांनी या प्रकाराविरुद्ध संसद डोक्यावर घेतली. १८७६ साली कायदा झाला. जहाजाच्या अंगावर रेषा मारायची, ती पाण्याखाली गेली की माल जास्त झाला. गंमत म्हणजे ही रेषा कुठे मारायची, हे मालकच ठरवायचा. सरकारनं ती जागा पक्की करायला १८९० उजाडलं.

मांडव्याच्या लाँचमधून जाताना नांगर टाकून उभ्या असलेल्या मालवाहू जहाजाच्या कुशीवर, मध्यभागी नजर टाका. एक वर्तुळ, त्याला छेदणारी आडवी रेघ आणि शेजारी फणीसारख्या आखूड रेघा दिसतील. ‘एस’ उन्हाळ्याची, ‘डब्ल्यू’ हिवाळ्याची, ‘टी’ उष्ण समुद्राची, ‘एफ’ गोड्या पाण्याची. हिवाळी समुद्र खवळलेला, म्हणून तिथे माल कमी आणि रेघ खाली. गोड्या पाण्यात जहाज अधिक खोल बसतं, म्हणून ती रेघ वर. वर्तुळाजवळची अक्षरं दाखला देणाऱ्या संस्थेची: ‘एल-आर’ असेल तर लॉइड्स, ‘आय-आर’ असेल तर आपल्या पवईची इंडियन रजिस्टर. जहाज ओव्हरलोड आहे की नाही, हे होडीतला कोळीसुद्धा सांगू शकेल.

कंटेनरनं हे सगळं झाकलं. पेटी बंद, सील मारलेलं, आत काय ते पाठवणाऱ्यानं लिहून दिलं तेच खरं. २००७ साली इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावर ‘एमएससी नापोली’ हे फुटलेलं जहाज मुद्दाम उथळ पाण्यात रुतवावं लागलं. तपासात डेकवरचे सुमारे ६६० कंटेनर तोलले, तर १३७ कंटेनरांच्या वजनात कागदापेक्षा तीन टनांहून अधिक फरक निघाला. वजन प्रमाणित केल्याशिवाय भरलेला कंटेनर चढवायचा नाही, हा सोलासचा दंडक त्यानंतर नऊ वर्षांनी, १ जुलै २०१६ रोजी आला. पण काटा वजन सांगतो, माल सांगत नाही. एल्सावर ६४० कंटेनर होते, त्यांतल्या १२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड. आंबे पिकवायला चोरून वापरतात तेच. पाणी लागलं की त्यातून भडकणारा वायू सुटतो. आणि हरवलेल्या कंटेनरांची सविस्तर खबर तातडीनं देण्याचं स्पष्ट बंधन कप्तानावर आलं ते थेट १ जानेवारी २०२६ पासून!

आता अंमलबजावणी. एल्साचा झेंडा लायबेरियाचा, कप्तान रशियन, २४ जणांपैकी २० फिलिपिनो, कंपनीचं मुख्यालय जिनिव्हात. लायबेरियाची जहाजनोंदणी चालते अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून. जहाजाची तपासणी झेंड्याचा देश बहुतेकदा लॉइड्ससारख्या वर्गीकरण संस्थांवर सोपवतो आणि त्यांची फी भरतो जहाजमालक. परीक्षकाचं मानधन परीक्षार्थ्यानंच द्यावं, असा हा मामला. यावर उतारा एकच, बंदरातली तपासणी. परदेशी जहाज धक्क्याला लागलं की ते तपासायचा आणि दोष सापडला तर अडकवून ठेवायचा हक्क भारताला आहे. एल्सा शेवटची निघाली ती आपल्याच विझिंजम बंदरातून.

पण सोलास लागू होतो तो आंतरराष्ट्रीय फेऱ्यांना. १९४७ च्या जुलैत रेवसला निघालेली ‘रामदास’ सहाशेहून अधिक माणसं घेऊन बुडाली, २०२४ च्या डिसेंबरात ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीच्या दुर्घटनेत १५ जण गेले. त्या बोटी या कराराच्या कक्षेत कधी नव्हत्याच. तिथे आपले आपणच वाली. १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याच्या जागी २०२५ साली संसदेनं नवा कायदा मंजूर केला. त्याच्या अंमलबजावणीत एवढं तरी व्हावं: धोकादायक मालाची यादी जहाज बंदर सोडतानाच किनारी जिल्ह्यांच्या हाती पडली पाहिजे, आणि ती सगळ्यांना वाचता आली पाहिजे. दाणे वेचायला किनाऱ्यावरचीच माणसं उतरतात. जहाजात काय आहे, हे त्यांना आधी कळायला हवं.