पाणबुड्याचे घड्याळ, कोरडे मनगट

समुद्रात २०० मीटर खोलीचा दाब सोसेल, असा दावा करणारे घड्याळ विकत घेणारा बहुतेक ग्राहक पोहण्याच्या तलावापलीकडे कधी जात नाही. फार तर एखाद्या सुट्टीत तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगची हौस भागवतो आणि काही मीटर खाली जाऊन परत येतो. तरीही 'डायव्हर' पद्धतीच्या ऑटोमॅटिक घड्याळांचे आकर्षण शहरी तरुणांत चांगलेच रुजले आहे. साधारण २५ हजारांपासून लाख रुपयांपर्यंतची ही घड्याळे. वेळ तर खिशातला मोबाइलही दाखवतो, आणि तो अधिक अचूक दाखवतो. मग पहिल्या बोनसचा मोठा हिस्सा या वस्तूवर खर्च करणे शहाणपणाचे आहे का?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी हे घड्याळ जन्माला का आले, हे पाहिले पाहिजे. पाण्याखाली किती वेळ गेला हे पाणबुड्याला कळले नाही, तर हवा संपण्याचा धोका असतो. शिवाय खोलीवर फार वेळ राहून तो घाईने वर आला, तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन जीवावर बेतू शकते. १९५३ मध्ये ब्लांपँ कंपनीने फ्रेंच नौदलातील पाणबुड्यांच्या गरजेतून 'फिफ्टी फॅदम्स' हे घड्याळ तयार केले. रोलेक्सची 'सबमरिनर' ही मालिकाही त्याच वर्षीची. जपानच्या सायकोने १९६५ मध्ये आपले पहिले डायव्हर घड्याळ बाजारात आणले. आपल्याकडील जुन्या पिढीच्या परिचयाच्या फाव्र-ल्यूबा कंपनीने तर १९६८ मध्ये खोलीही दाखवणारे 'बॅथी' हे यांत्रिक घड्याळ काढले होते. पुढे डाइव्ह कॉम्प्युटर आले आणि पाणबुड्याच्या मनगटावरील घड्याळ हे मुख्य साधन न राहता जोडीचे, आणीबाणीचे साधन झाले.

'डायव्हर' कोणाला म्हणायचे?

डायलवर '२०० मीटर' छापले म्हणजे घड्याळ पाणबुड्यांचे झाले, असे नव्हे. त्यासाठी 'आयएसओ ६४२५' हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार घड्याळाने किमान १०० मीटरचा दाब सोसला पाहिजे आणि प्रत्यक्ष चाचणी लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाने झाली पाहिजे. अंधारात २५ सेंटिमीटर अंतरावरून वेळ वाचता आली पाहिजे. धक्के, चुंबकत्व, खारे पाणी आणि तापमानातील अचानक बदल यांच्या परीक्षा वेगळ्याच. मुख्य म्हणजे, नमुन्यादाखल चार घड्याळे तपासून भागत नाही. दाबाच्या चाचणीतून प्रत्येक घड्याळ जावे लागते. या कसोटीला उतरलेल्या घड्याळांवर सहसा 'डायव्हर्स २०० मीटर' असे शब्द असतात. नुसते 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेले घड्याळ दिसायला तसेच असले, तरी त्याला हे प्रमाणपत्र असेलच असे नाही. खरेदी करताना हा एक शब्द पाहण्याचे कष्ट ग्राहकाने जरूर घ्यावेत.

डायलभोवतीचे फिरते कडे, म्हणजे बेझल, एकाच दिशेने फिरते, यामागेही विचार आहे. पाण्यात कशाला तरी घासून ते सरकलेच, तर झालेला वेळ प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो, कमी कधीच नाही. चूक झाली तरी ती जीव वाचवणारी व्हावी, ही त्यातील योजना. कोरड्या जमिनीवर हेच कडे कुकरच्या शिट्ट्यांनंतरची दहा मिनिटे किंवा पार्किंगचा अर्धा तास मोजायला उपयोगी पडते.

पैसे जातात कोठे?

ऑटोमॅटिक घड्याळात सेल नसतो. मनगटाच्या हालचालीने आतील अर्धगोल रोटर फिरतो, त्यातून स्प्रिंग गुंडाळली जाते आणि ती उलगडताना काटे चालतात. या यंत्राची मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सायकोच्या 'फोर-आर' श्रेणीतील यंत्राची अधिकृत मर्यादा दिवसाला ४५ सेकंद पुढे ते ३५ सेकंद मागे अशी आहे. प्रत्यक्षात बरीच घड्याळे याहून चांगली चालतात. पण दिवसाला २० सेकंदांचा फरक धरला, तरी महिन्याला १० मिनिटे होतात. 'सिक्स-आर-३५' या वरच्या यंत्रासाठी ही मर्यादा २५ सेकंद पुढे ते १५ सेकंद मागे आहे. स्विस क्रोनोमीटर प्रमाणपत्रासाठी सरासरी फरक दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढाच चालतो. याउलट साधे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला १५ सेकंदांच्या आसपास चुकते. केवळ अचूक वेळ हवी असेल, तर पाच हजारांचे क्वार्ट्झ घड्याळ घ्यावे आणि हा लेख येथेच मिटावा.

दुसरा मुद्दा साठवलेल्या शक्तीचा. 'फोर-आर' यंत्र पूर्ण भरल्यावर सुमारे ४१ तास चालते. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता काढून ठेवलेले घड्याळ रविवारी दुपारी बंद पडते. टिसो आणि सर्टिना यांच्या डायव्हर घड्याळांतील 'पॉवरमॅटिक ८०' यंत्र ८० तास चालते. सोमवारी सकाळी ते चालूच सापडते. रोज एकच घड्याळ वापरणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही. दोन-तीन घड्याळे आलटून पालटून वापरणाऱ्याला मात्र तो नक्की जाणवेल.

२५-३० हजारांच्या घड्याळात भक्कम स्टीलची केस, विश्वासार्ह यंत्र आणि खरी जलरोधकता मिळू शकते. ५०-६० हजारांपर्यंत गेल्यावर सहज चरे न पडणारी सफायर काच, जड व नेटका पट्टा, अधिक सफाईदार घडण यांची भर पडते. त्यापुढे मात्र पैसा वाढतो त्या प्रमाणात गुण वाढत नाहीत. निम्म्याहून अधिक फरक नावाचा असतो.

खरेदीनंतरचा खर्च

बहुतेक ग्राहक फसतात ते येथे. चार-पाच वर्षांनी यंत्र उघडून, साफ करून, तेल देऊन घ्यावे लागते. रबरी गॅस्केट जुने झाले की जलरोधकताही संपते. २०० मीटरचा आकडा कायमचा नसतो, तो गॅस्केटच्या आयुष्याइतकाच खरा. माझ्या स्वतःच्या घड्याळाच्या काचेवर एका जुलैत आतून वाफ धरली. समुद्र तर दूरच, मी फक्त पावसात भिजलो होतो. वेळ लावल्यानंतर चावी परत आवळायची राहिली होती, एवढेच कारण. दुरुस्तीचे बिल पाहिल्यावर तो धडा पक्का झाला.

साधा हिशेब मांडू. घड्याळ ४० हजारांचे, वापर १५ वर्षे आणि प्रत्येकी सहा हजारांच्या तीन सर्व्हिसिंग धरल्या, तर एकूण ५८ हजार, म्हणजे महिन्याला सुमारे ३२० रुपये. ज्याला रोज मनगटाकडे पाहून आनंद होतो, त्याला हे महाग नाही. ज्याला दोन वर्षांनी नवे मॉडेल हवे असते, त्याला हे नुकसानीचेच; कारण या श्रेणीतील घड्याळांची किंमत दुकानातून बाहेर पडताच उतरते. गुंतवणूक म्हणून ही खरेदी करू नये.

थोडक्यात, घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. सर्व्हिसिंग आपल्या शहरात होते का? अधिकृत वॉरंटी कार्डावर शिक्का आहे का? आणि उधारीशिवाय हे पैसे खर्च करता येतात का? तिन्हींचे उत्तर 'होय' असेल, तर खुशाल घ्यावे.

ज्यांच्या वडिलांनी रोज सकाळी ठरल्या वेळी एचएमटीला चावी दिली, त्यांना यातील गंमत वेगळी सांगायला नको. एचएमटीचा घड्याळ कारखाना २०१६ मध्ये बंद झाला; पण त्या घड्याळांपैकी कितीतरी आजही एखादा जुना घड्याळजी चालू करून देतो. दुरुस्त होऊ शकणारी वस्तू हाच या घड्याळांचा खरा गुण आहे. समुद्राची खोली नव्हे, आपण ते किती वर्षे सांभाळणार आहोत, हे पाहून किंमत ठरवावी.