पाणी कढत, खोली गार!

नरकचतुर्दशीची पहाट. न्हाणीघरात कढत पाणी होते, वाटीत उटणे होते, पाटाभोवती रांगोळी होती, आणि पहिली आंघोळ करून आपल्या खोलीत गेलेल्या आमच्या सासूबाई दोन स्वेटर, एक शाल आणि डोक्याला रुमाल अशा थाटात पलंगावर कुडकुडत बसल्या होत्या!

गोष्ट २०२३ सालची. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर आली. आमचे घर लंडनच्या वायव्येला, हॅरो भागात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे, दुमजली, शेजाऱ्याशी एक भिंत सामाईक असलेले. दिवाळीच्या तीनच आठवडे आधी आम्ही जुना बॉयलर काढून नवा बसवला होता. बॉयलर म्हणजे आपला बंबच म्हणा ना! फक्त ह्याला कोळसे-लाकडे लागत नाहीत, हा गॅसवर चालतो. शिवाय नळाला गरम पाणी देऊन तो थांबत नाही. खोल्याखोल्यांतून भिंतीला लावलेल्या पत्र्याच्या पोकळ पाट्या असतात, त्यांना रेडिएटर म्हणतात. त्यांतून तो गरम पाणी फिरवतो, आणि त्यावर सगळे घर ऊबदार राहायचे. सव्वातीन हजार पौंड मोजले. त्यांचे रुपये किती होतात हा हिशेब ह्यांनी केला नाही आणि मीही केला नाही. काही हिशेब न केलेलेच बरे असतात.

एवढे पैसे ओतले ते मुख्यतः सासूबाईंसाठी. त्या पहिल्यांदाच हिवाळ्यात आल्या होत्या. वय एक्क्याऐंशी, बोटांचे सांधे धरलेले. त्यांना वरची, रस्त्याकडची मोठी खोली दिली, आणि नेमकी तीच खोली गार! स्वयंपाकघरात बॉयलर घुमतो आहे, खालच्या खोल्यांत घाम फुटतो आहे, आणि आईंच्या खोलीतला काटा पंधरा अंशांच्या वर जायला तयार नाही. विचारले की म्हणायच्या, “मला काही होत नाही गं. सवय आहे.” गिरगावात जन्म काढलेल्या बाईला थंडीची कसली सवय? पण भाऊबीजेच्या दिवशी जिन्यात माझ्या कानांवर त्यांचे फोनवरचे बोलणे पडले. पुतण्याला विचारत होत्या, “अरे, मार्चचं तिकीट डिसेंबरचं करून मिळेल का? इथे कुणाला सांगू नकोस हो.”

मी तशीच पायरीवर बसले. तिकिटाचे दुःख नव्हते. “इथे कुणाला सांगू नकोस” हे फार लागले.

बॉयलर बसवणाऱ्याला बोलावले. माणूस सज्जन. त्याने येऊन झाकण उघडले, आकडे पाहिले, “बॉयलर अगदी उत्तम चालतोय” असा निर्वाळा दिला आणि चहा पिऊन गेला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते, हीच तर गंमत! (झाकण उघडण्याचे काम मात्र त्याचेच बरे का. ब्रिटनमध्ये गॅसच्या कामाला ‘गॅस सेफ’ नोंदवहीत नाव असलेलाच माणूस लागतो. आम्ही पुढे जी उठाठेव केली ती सगळी पाण्याच्या बाजूची. गॅसला आम्ही बोट लावले नाही.)

मग ह्यांनी पुस्तिका काढली. पहिल्यांदा दाबाचा काटा पाहिला. यंत्रणा थंड असताना तो एक ते दीड बारच्या दरम्यान असावा. आमचा अर्ध्यावर आला होता. भरण्याची तोटी उघडून तो सव्वावर आणला. पुढे हवा. रेडिएटर वरून गार आणि खालून गरम असला की आत हवा कोंडली आहे असे समजावे. यंत्रणा बंद करून कडेचा छोटा स्क्रू किल्लीने जरासा सैल केला, की फुस्सकन हवा जाते आणि पाणी येते. आईंच्या खोलीत हवा आलीच नाही. थेट पाणी आले, आणि तेही काळेकुट्ट! माझा पांढरा टॉवेल त्या दिवशी कामी आला. तो काळा गाळ म्हणजे जुन्या रेडिएटरांतल्या लोखंडाची झिजून झालेली भुकटी. नवा बॉयलर जोडण्यापूर्वी सगळ्या नळ्या धुऊन त्यांत गंजरोधक औषध घालायचे असते. आमच्याकडे ते राहून गेले होते, हे त्या टॉवेलने सांगितले.

तिसरा उपाय ह्यांच्या डोक्यातला. बॉयलरवर दोन वेगळी बटणे असतात, एक नळाच्या पाण्याचे, एक रेडिएटरच्या पाण्याचे. म्हणून तर आंघोळीचे पाणी कढत आणि खोली गार असे होऊ शकते. रेडिएटरचे बटण पंचावन्नवर होते. ह्यांनी ते पंचाहत्तरवर नेले. काय व्हावे? दिवाणखान्याची भट्टी झाली, आणि बॉयलर दहा मिनिटांत आपण होऊन बंद पडू लागला. आईंची खोली होती तिथेच. वर गॅसचा धूर! हे नवे बॉयलर धुरातल्या वाफेचेसुद्धा पाणी करून तिची उष्णता वसूल करतात. इंग्लंडात २००५ पासून बहुतेक ठिकाणी असलेच बसवावे लागतात. पण घर फिरून परत येणारे पाणी साधारण पंचावन्न अंशांच्या खाली असेल तरच ही वसुली चांगली होते. आमचे पाणी जेमतेम दिवाणखान्याला वळसा घालून गरमागरम परत येत होते. बॉयलरला बिचाऱ्याला वाटे, घर तापले, झोपा आता!

रविवारी दुपारी आम्ही दोघे ह्यावरून हुज्जत घालत होतो. ह्यांचे मत रेडिएटर बदलावा, माझे मत बसवणाऱ्यावर पुन्हा ओरडावे. आई कोपऱ्यात शेंगा सोलत होत्या. त्यांनी विचारले, “पाणी आधी कुणाकडे जातं रे?”

“दिवाणखान्यात. मग मधल्या खोलीत. तुझी खोली सगळ्यात शेवटी.”

“मग खालच्यांच्या चाव्या बारीक का करत नाही?”

आम्ही दोघे बघतच राहिलो. आई लग्न होऊन गिरगावच्या चाळीत गेल्या त्या तिसऱ्या मजल्यावर. सकाळी पाणी यायचे तासभर. तळमजल्याचे नळ धो धो वाहायचे आणि ह्यांच्या नळातून नुसता सूंऽऽ आवाज. गॅलरीतून ओरडून घसा बसला, तेव्हा मासऱ्यांनी चाळीच्या मंडळींना जमवून खालच्या मजल्यांच्या चाव्या अर्ध्या करायला लावल्या. त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर पहिल्यांदा हंडा भरला. तिथे पाणी चढायचे होते आणि इथे पंप ढकलतो, हा फरक खरा. पण सोपी वाट दिसली की पाणी तिकडेच धावते, हा त्याचा स्वभाव गिरगावात आणि हॅरोत सारखाच!

पुस्तिकेत चाळून पाहिले तर तेच लिहिलेले. इंग्रजीत त्याला बॅलन्सिंग म्हणतात एवढेच. रेडिएटरच्या एका टोकाला आकडे लिहिलेली फिरकी असते, ती आपण रोज फिरवतो. दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकच्या टोपीखाली एक मुकी चावी असते, लॉकशील्ड नावाची, तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. आम्ही सगळ्या चाव्या आणि फिरक्या पूर्ण उघडल्या, यंत्रणा गार होऊ दिली, मग सुरू करून कोणता रेडिएटर कितव्या क्रमाने तापतो ते कागदावर लिहिले. सगळ्यात आधी तापला त्याची मुकी चावी बंद करून फक्त पाव फेरा उघडली. पुढच्यांच्या चढत्या क्रमाने थोड्या थोड्या जास्त. आईंची पूर्ण उघडी. प्रत्येक ठिकाणी येणाऱ्या आणि जाणाऱ्या नळीला थर्मामीटर लावून दोन्हींतला फरक सगळीकडे साधारण सारखा, पंधरा-वीस अंशांचा, येईपर्यंत खटपट केली. दर वेळी पाणी स्थिरावेपर्यंत थांबावे लागते. हे पाना घेऊन खाली, मी थर्मामीटर घेऊन जिन्यात, आणि आई वर आपल्या रेडिएटरवर हात ठेवून. अंधार पडता पडता वरून खणखणीत आवाज आला, “आलं रेऽऽ, पाणी आलं!” शेजारच्या गोऱ्या आजीबाईंनी दार उघडून चौकशी केली, काही अपघात नाही ना?

तरी तो रेडिएटर वरून गरम आणि खाली मध्यभागी गारच राहिला. ती गाळाची खूण. बसवणाऱ्याला आता मी फोन केला तो काळ्या टॉवेलचा फोटो पाठवून. ह्या खेपेला त्याने चहाला नकार दिला. अर्धा दिवस घालवून नळ्या धुतल्या, औषध घातले, लोखंडाची भुकटी धरणारे चुंबकाचे गाळणेही बसवले. गाळण्याचे पैसे घेतले. धुण्याचे मागण्याची त्याला हिंमत झाली नाही. त्यानंतर आम्ही ते बटण पंचाहत्तरवरून साठावर आणले तरी आईंच्या खोलीतला काटा संध्याकाळी वीसच्या पुढे जाऊ लागला.

डिसेंबरात एके सकाळी त्यांचा चहा घेऊन वर गेले. शाल खुर्चीच्या पाठीवर घडी करून ठेवली होती. फोनवर पुतण्याशी बोलत होत्या, आणि ह्या वेळी मला पाहून आवाज खाली आणला नाही.

“अरे, मार्चचंच राहू दे तिकीट. इथे आत्ता कुठे पाणी आलंय.”