एकत्र कुटुंबाची क्रूझ आणि स्वस्त केबिन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

आजी-आजोबा, काका-काकू, आत्या, चुलत-आते भावंडं अशा दहा-बारा जणांनी मिळून क्रूझला जायचं ठरलं, की पहिला प्रश्न खर्चाचा येतो. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईच्या बंदरातून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज गोवा, लक्षद्वीप, कोची अशा सहली करू लागलं आणि मराठी मध्यमवर्गासाठी क्रूझ आवाक्यात आली. सिंगापूरच्या सहलीला दोन-तीन रात्रींची क्रूझ जोडणारी कुटुंबंही पुष्कळ आहेत. खर्चाचा मोठा भाग केबिनच्या निवडीवर ठरतो आणि नेमकी तीच निवड ऐकीव माहितीवर होते. मग पैसे वाचवायच्या नादात आजोबांची झोप उडते, किंवा भीतीपोटी नको तिथे जास्त पैसे जातात.

माझं सांगणं एवढंच आहे: सगळ्यांना एकसारखी केबिन घेऊ नका. कोण केबिनमध्ये जास्त वेळ राहणार, कोणाला रात्री उठावं लागतं, कोणाला बोट लागते, हे बघून माणसागणिक केबिन निवडा. बजेट तिथेच सांभाळलं जातं. त्याच्या आड येणारे गैरसमज एकेक करून पाहू.

गैरसमज: खिडकी नसलेली केबिन म्हणजे जहाजाच्या पोटातली कोंदट खोली.

वस्तुस्थिती: केबिनचे ढोबळ चार प्रकार असतात. बिनखिडकीची ‘इंटिरिअर’, बंद काचेच्या खिडकीची ‘ओशन व्ह्यू’, बाल्कनीची आणि ऐसपैस जागेची ‘स्वीट’. इंटिरिअर केबिन जहाजाच्या तळाशीच असते असं नाही. ती बहुतेक प्रवासी डेकांवर, मधल्या भागात, बाल्कनीच्या केबिनींसमोरच कॉरिडॉरच्या पलीकडे असते. एसी, स्वतंत्र बाथरूम, पलंग, कपाट, टीव्ही हे सगळं तिच्यात असतं. मुख्य जेवणघर, बुफे, स्विमिंग पूल, नाटक-संगीताचे कार्यक्रम यांत केबिनवरून सहसा फरक केला जात नाही. स्वीटवाल्यांना काही जास्तीच्या सोयी मिळतात, तेवढाच भेद.

दोन गोष्टी मात्र खऱ्या आहेत. पहिली, जागा लहान. नव्या मोठ्या जहाजांवर इंटिरिअर केबिन साधारण १५० चौरस फुटांच्या आसपास असते आणि जुन्या जहाजांवर त्याहून लहान. ‘एम्प्रेस’ १९९० सालचं जहाज आहे. त्यावर बहुतेक केबिनी आतल्या किंवा खिडकीच्या आहेत, बाल्कनीच्या मोजक्या. दुसरी, दिवा मालवला की मिट्ट काळोख. सकाळ झालेली कळत नाही. बंद जागेत जीव घाबरा होणाऱ्यांना ही केबिन देऊ नये. बाकीच्यांसाठी बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार किंचित उघडं ठेवलं किंवा सोबत लहानसा रात्रदिवा नेला, की काम भागतं. दिवसभर डेकवर हुंदडणाऱ्या तरुण मंडळींनी खिडकीसाठी पैसे मोजायची गरज नाही.

गैरसमज: चौघं एका केबिनमध्ये राहिले की नेहमीच भरपूर पैसे वाचतात.

वस्तुस्थिती: क्रूझचं भाडं माणशी असतं आणि ते ट्विन शेअरिंगवर, म्हणजे एका केबिनमध्ये दोघं धरून, सांगितलेलं असतं. त्याच केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं बहुधा कमी असतं, कधी ऑफरमध्ये माफही असतं. पण ती सवलत फक्त भाड्याची. बंदर शुल्क, कर आणि सेवाशुल्क सहसा माणशी लागतं, तिसरा-चौथा माणूस आणि लहान मूलसुद्धा त्यातून सुटत नाही.

समजण्यापुरते आकडे धरू. इंटिरिअर केबिनचं भाडं पहिल्या दोघांना माणशी २५,००० रुपये, तिसऱ्या-चौथ्याला १०,००० आणि करशुल्क प्रत्येकी ६,०००. चौघं एका केबिनमध्ये राहिले तर ९४,००० होतात, दोन केबिनींत १,२४,०००. फरक ३०,००० रुपयांचा, म्हणजे घ्यायला हवाच असा. पण चार बर्थच्या इंटिरिअर केबिनी थोड्या असतात आणि लवकर संपतात. समजा, चार बर्थच्या केबिनी फक्त ओशन व्ह्यूमध्ये उरल्या आणि तिथे पहिल्या दोघांचं भाडं माणशी ३२,००० आहे, बाकी आकडे तेच. आता चौघांचे १,०८,००० होतात. दोन इंटिरिअर केबिनींशी फरक उरला १६,०००, माणशी चार हजार. तेवढ्या पैशांत चौघांना दोन बाथरूम आणि चार खालचे पलंग मिळतात. आई-वडील आणि दोन शाळकरी मुलं असतील तर एकच केबिन ठीक. चौघं मोठी माणसं असतील, तर संध्याकाळी जेवणाला तयार होताना एका बाथरूमपुढे लागणारी रांग लक्षात घ्या आणि दोन केबिनींचा हिशोब जरूर मागा.

तिसरा-चौथा बर्थ कसा असतो तेही आधी विचारा. बहुधा तो भिंतीतून किंवा छतातून खाली येणारा, शिडीने चढायचा, रेल्वेच्या वरच्या बर्थसारखा असतो. काही केबिनींत त्याऐवजी सोफा-कम-बेड असतो. गुडघे दुखणाऱ्या मावशीला शिडी चढायला लावणं हे बचतीत बसत नाही. फार लहान मुलांनाही वर झोपवू नये.

गैरसमज: बाळ तर मांडीवरच असणार, त्याला कशाला मोजायचं?

वस्तुस्थिती: जहाजावर प्रत्येक जीव मोजला जातो. टायटॅनिक १९१२ मध्ये बुडाली, त्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरील सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि जहाजावरच्या प्रत्येकासाठी जीवनरक्षक नौकेत जागा असण्याचा आग्रह तिथून सुरू झाला. आजही संकटकाळी कोणत्या केबिनमधल्या लोकांनी कुठे जमायचं हे आधीच ठरलेलं असतं आणि त्या जागेची क्षमता मर्यादित असते. म्हणूनच कधी केबिनमध्ये बर्थ रिकामा दिसत असूनही तिसरा माणूस घेता येत नाही. बाळाचं नाव ‘नंतर घालू’ म्हणून ठेवलं आणि तोवर त्या विभागाचा आकडा भरला, तर सगळं बुकिंग हलवावं लागतं.

वयाचंही आधी बघा. अनेक कंपन्या सहा महिन्यांखालचं बाळ घेत नाहीत, लांबच्या सागरी सफरींना बारा महिन्यांची अट असते. गर्भवतींना साधारण चोविसाव्या आठवड्यापासून प्रवेश नसतो. घरातली सून किंवा लेक गरोदर असेल, तर प्रवासाच्या शेवटच्या दिवशी कितवा आठवडा असेल ते मोजूनच पैसे भरा.

गैरसमज: वरचा डेक चांगला, खालचा डेक हलका.

वस्तुस्थिती: एके काळी मुंबईहून रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, पणजीकडे जाणाऱ्या बोटींतून ज्यांनी प्रवास केला, त्यांच्या मनात खालच्या डेकचं चित्र गर्दीचं आणि घुसमटीचं आहे. आजच्या क्रूझवर ते लागू पडत नाही. वरच्या डेकची केबिन महाग असते ती मुख्यतः दृश्यासाठी आणि पूल जवळ असतो म्हणून.

बोट लागणाऱ्यांसाठी तर हिशोब उलटा आहे. जहाज लाटांवर पुढे-मागे झुलतं तेव्हा पुढच्या आणि मागच्या टोकाच्या केबिनी सर्वांत जास्त वर-खाली होतात. डावी-उजवीकडे कलतं तेव्हा वरच्या डेकवर ते जास्त जाणवतं. दोन्ही बाजूंना पाण्याखाली असलेले स्टॅबिलायझर हे कलणं बरंच कमी करतात, पुढे-मागे झुलणं मात्र त्यांना फारसं आवरत नाही. म्हणून खालच्या डेकवरची, जहाजाच्या लांबीच्या मधोमध असलेली केबिन सगळ्यांत स्थिर, आणि बऱ्याचदा ती स्वस्तही असते. आजी-आजोबांना बोट लागत असेल तर त्यांच्यासाठी तीच मागा.

आवाजाचाही विचार करा. पूलच्या डेकखाली पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. नाट्यगृह किंवा डिस्कोच्या वर-खाली रात्री उशिरापर्यंत धमधम असते. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी जहाज धक्क्याला न लागता समुद्रात नांगर टाकतं आणि लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात, तिथे पुढच्या टोकाच्या खालच्या केबिनींत नांगराच्या साखळीने जाग येते. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनीच असलेली केबिन सर्वांत शांत.

गैरसमज: जवळजवळचे नंबर मिळाले म्हणजे केबिनी शेजारी आल्या.

वस्तुस्थिती: अनेक जहाजांवर एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम नंबर असतात. तिथे ७१२० ची शेजारीण ७१२२ असते आणि ७१२१ जहाजाच्या दुसऱ्या अंगाला असू शकते. शिवाय लागून असलेली केबिन वेगळी आणि कनेक्टिंग केबिन वेगळी. कनेक्टिंगमध्ये दोन केबिनींच्या मधल्या भिंतीत दार असतं. लहान मुलं एकीत आणि आई-वडील दुसरीत, किंवा आजारी आजोबा एकीत आणि त्यांना औषध देणारा मुलगा दुसरीत, अशा वेळी या दाराचा खरा उपयोग. मात्र त्या दारातून आवाजही येतो, म्हणून अनोळखी शेजारी असतील तर अशी केबिन टाळावी.

हे कळायला डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, स्वतः उघडून बघा. प्रत्येक केबिनच्या चौकोनात बारीक खुणा असतात: त्रिकोण, चांदणी, टिंब, दोन चौकोनांना जोडणारा बाण. नकाशाच्या तळाशी त्यांचा अर्थ दिलेला असतो. कुठली खूण तिसऱ्या बर्थची, कुठली चौथ्याची, कुठली कनेक्टिंगची, कुठली व्हीलचेअरच्या केबिनची, हे तिथे कळतं. लाइफबोट खिडकीसमोर येणाऱ्या केबिनीही दाखवलेल्या असतात. अशा अडलेल्या दृश्याच्या केबिनी स्वस्त असतात. समुद्र दिसला नाही तरी उजेड येतो, त्यामुळे काळोखाची भीती असणाऱ्यांना त्या सोयीच्या.

गैरसमज: ‘गॅरंटी’ केबिन घेतली की कमी पैशात वरची केबिन मिळते.

वस्तुस्थिती: गॅरंटीमध्ये हमी असते ती फक्त प्रकाराची. इंटिरिअर म्हणजे निदान इंटिरिअर, एवढंच. नंबर कंपनी नंतर ठरवते. वरचा प्रकार मिळालाच तर नशीब, त्यावर बेत आखू नये. तीन केबिनी गॅरंटीवर घेतल्या, तर एक पुढच्या टोकाला, एक मागच्या आणि एक चार डेक वर असं होऊ शकतं. अनेक जहाजांची लांबी दोनशे ते तीनशे मीटर असते, आजीला तेवढं चालवत नेणं सोपं नाही. स्वतंत्रपणे फिरणाऱ्या तरुणांना गॅरंटी द्या. वडीलधाऱ्यांच्या आणि लहान मुलांच्या केबिनी नंबर निवडूनच घ्या.

गैरसमज: एकट्या आत्याला एकटीचंच भाडं पडेल.

वस्तुस्थिती: एकटा माणूस केबिनमध्ये राहिला तर बऱ्याच ठिकाणी त्याला दोघांचं भाडं द्यावं लागतं, क्वचित थोडं कमी. एकट्यासाठीच्या केबिनी मोजक्या जहाजांवर असतात. म्हणून कुटुंबात एकटे किती आहेत ते आधी मोजा. आत्या आणि मावशी, किंवा आजी आणि कॉलेजातली नात अशा जोड्या लावा. पण दोघींना विचारून लावा. घोरणं, रात्री एसी किती ठेवायचा, पहाटे किती वाजता उठायचं, यावर जोडी जमते किंवा मोडते.

गैरसमज: शेवटच्या आठवड्यात स्वस्तात मिळेल.

वस्तुस्थिती: दोघांना कधी मिळेलही, दहा-बारा जणांना मिळणं कठीण. तीन-चार बर्थच्या, कनेक्टिंग आणि व्हीलचेअरच्या केबिनी आधी जातात. दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीत तर हमखास. उलट, लवकर ठरवलं तर गटाचा भाव मागता येतो. अनेक मोठ्या कंपन्या साधारण आठ केबिनींपासून गट धरतात. तेवढे नातेवाईक जमत असतील, तर सुट्या बुकिंगऐवजी एकाच एजंटकडे एकत्र बोला.

मग केबिनी वाटायच्या कशा?

बजेट बेताचं असताना मला सर्वांत पटलेली रचना अशी: एक बाल्कनीची किंवा खिडकीची केबिन आजी-आजोबांसाठी, मध्यभागी, लिफ्टपासून जवळ पण लिफ्टच्या अगदी तोंडाशी नको. तिच्या समोर, कॉरिडॉरच्या पलीकडे, बाकीच्यांच्या इंटिरिअर केबिनी. एकाच बाल्कनीचे जास्तीचे पैसे सगळ्यांत वाटले तर माणशी थोडेच येतात, दुपारी चहाला सगळे तिथे जमू शकतात आणि जे खोलीत जास्त वेळ बसणार त्यांना उजेड मिळतो. आजी-आजोबांच्या बाथरूमला उंच उंबरठा आहे का, आत धरायला दांडा आहे का, हे मात्र विचाराच. जुन्या जहाजांवर हा उंबरठा अडखळण्याइतका असतो.

पैसे भरण्यापूर्वी एजंटकडून लेखी घ्या: सगळे कर आणि सेवाशुल्क धरून एकूण रक्कम, प्रत्येक केबिनचा नंबर आणि डेक, बर्थ कसे आहेत, रद्द केल्यास किती कापणार, आणि वाय-फाय, पेयं, खास रेस्टॉरंट, किनाऱ्यावरच्या सहली यांतलं काय धरलेलं नाही. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेल्या आकड्यात यातलं बरंचसं नसतं.

त्याहीआधी घरी बसून एका कागदावर सगळ्यांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे वय, दुखणं, झोपेची सवय आणि बोट लागते का ते मांडा. तो कागद समोर ठेवून डेक प्लॅन बघितला, की कुठे पैसे घालायचे आणि कुठे वाचवायचे हे आपोआप स्पष्ट होतं. घरच्या माणसांना एजंटपेक्षा आपण जास्त ओळखतो, म्हणून केबिनची वाटणी त्याच्यावर सोडू नये.