इंग्रजी काळ व वृत्तिदर्शक सहायक क्रियापदे

क्रियेची वेळ, तिची पूर्णता वा अपूर्णता आणि तिच्याविषयी अभिप्रेत असलेली शक्यता, सक्ती, परवानगी इ. भाव दर्शविणारी इंग्रजी रूपे. मराठी भाषकाला ती पाठांतराने येतात. परंतु दोन्ही भाषांतील अर्थसीमा जेथे जुळत नाहीत, तेथे सरावाची खरी गरज असते.

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मुकुंदराज व दासोपंत यांच्यामुळे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मान असलेले हे गाव निजामी राजवटीत मोमिनाबाद म्हणून ओळखले जाई. त्या काळी हैदराबाद संस्थानात उर्दूला प्राधान्य होते. १९३० च्या दशकात स्वामी रामानंदतीर्थ (१९०३–७२) येथील योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक होते. पुढे त्यांच्या नावाने येथे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षा २०१७ पासून मराठीतूनही देता येते. पण वैद्यकाचे ग्रंथ मुख्यतः इंग्रजीत असतात. रुग्ण मराठीत बोलतो आणि नोंद इंग्रजीत होते. अशा ठिकाणी काळाची चूक ही केवळ व्याकरणाची चूक राहत नाही.

काळ : मराठी व्याकरणात तीन काळांचे साधा, अपूर्ण, पूर्ण व रीती असे प्रत्येकी चार प्रकार मानतात. इंग्रजीत क्रियापदाच्या रूपाने वर्तमान व भूत हे दोनच काळ दाखविले जातात. भविष्यासाठी ‘विल’सारख्या सहायकाची मदत घ्यावी लागते. दोन्ही तक्ते शेजारी ठेवल्यास ते सारखे भासतात, मात्र वापर वेगळा असतो. ‘मी तीन वर्षांपासून येथे राहतो’ या वाक्यात मराठीला साधा वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीत ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर थ्री इयर्स’ असे पूर्ण वर्तमान लागते. याउलट ‘तो काल आला आहे’ हे मराठीत शुद्ध असले, तरी ‘येस्टरडे’बरोबर इंग्रजीत ‘ही केम’ हा साधा भूतकाळच येतो. निघताना म्हटलेल्या ‘आलोच’ या भूतकाळी रूपाचा अर्थ तर ‘आय ॲम कमिंग’ असा असतो. ‘ही हॅड फीवर फॉर थ्री डेज’ म्हणजे तीन दिवस ताप होता व तो ओसरला. ‘ही हॅज हॅड फीवर फॉर थ्री डेज’ म्हणजे तीन दिवसांपासून ताप आहे व तो अद्याप उतरलेला नाही. एका लहान शब्दाने रुग्णाची अवस्था बदलते.

वृत्ती : मराठीत हे भाव शकणे, लागणे, हवे, पाहिजे, नये यांनी आणि ‘करावे’, ‘असावा’ अशा विध्यर्थी रूपांनी व्यक्त होतात. ‘मला जावे लागते’ येथे कर्ता चतुर्थीत आहे. ‘आय मस्ट गो’ येथे तो प्रथमेत राहतो. तसेच ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’, ‘शुड’ यांच्यापुढे मूळ क्रियापदच येते. म्हणून ‘ही कॅन गोज’ किंवा ‘ही कॅन टु गो’ ही रूपे चुकीची होत. ‘तो चालू शकतो’ यातील सामर्थ्य ‘कॅन’ने, तर ‘ताप पुन्हा येऊ शकतो’ यातील संभव ‘मे’ने दाखविणे योग्य. ‘मस्ट’ सक्तीबरोबर तर्कही सांगते : ‘ही मस्ट बी टायर्ड’ म्हणजे तो थकला असावा. सर्वांत घोटाळा नकारात होतो. ‘मस्ट नॉट ईट’ म्हणजे खाता कामा नये. ‘नीड नॉट ईट’ म्हणजे खाण्याची गरज नाही. पहिल्यात मनाई आहे, दुसऱ्यात मोकळीक.

सराव : द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या भाषांतर पाठमालेने मराठी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना वाक्यांच्या भाषांतरातून इंग्रजी शिकविले. ही पद्धती आजही उपयोगी आहे; मात्र सुटे वाक्य न देता त्यामागील प्रसंग द्यावा लागतो. एकाच वाक्यातील कालवाचक शब्द बदलून क्रियापद बदलावयास लावणे, एकाच क्रियेपुढे निरनिराळी सहायके ठेवून अर्थभेद मराठीत सांगावयास लावणे आणि अखेरीस ती वाक्ये संभाषणात वापरणे, हा क्रम सोयीचा ठरतो. त्यामुळे विद्यार्थी रूप आठवण्यापूर्वी क्रिया संपली की चालू आहे, सक्ती आहे की शक्यता, हे स्वतःला विचारू लागतो.