लायगो-इंडिया

लायगो-इंडिया ही महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभारण्यात येणारी गुरुत्वीय लहरींची वेधशाळा आहे. 'लायगो' हे 'लेसर व्यतिकरणमापी गुरुत्वीय लहर वेधशाळा' या अर्थाच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षरी रूप आहे. काटकोनात असलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांमधून लेसर किरण पाठवून त्या नळ्यांच्या लांबीतील अतिसूक्ष्म फरक मोजणे हे या वेधशाळेचे काम आहे. अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथे अशा दोन वेधशाळा कार्यरत असून भारतातील वेधशाळा हे त्यांचे तिसरे भावंड ठरेल. लेसर भौतिकी आणि प्रकाशिकी या शाखांमधील अलीकडच्या अनेक महत्त्वाच्या सुधारणा या वेधशाळांसाठीच विकसित झाल्या आहेत.

पार्श्वभूमी

अल्बर्ट आइन्स्टाईन यांनी १९१६ साली सामान्य सापेक्षता सिद्धान्ताच्या आधारे गुरुत्वीय लहरींचे भाकीत केले. जड वस्तूंच्या हालचालींमुळे अवकाश-काळात उमटणारे तरंग म्हणजे गुरुत्वीय लहरी. अशी लहर एखाद्या ठिकाणावरून जाताना तेथील अंतरे एका दिशेने किंचित ताणली जातात आणि तिच्याशी काटकोनातील दिशेने किंचित आक्रसतात. कृष्णविवरांच्या टकरीसारख्या प्रचंड घटनेतून आलेली लहरही पृथ्वीपर्यंत पोहोचेपर्यंत इतकी क्षीण होते की, ४ किलोमीटर अंतरात तिच्यामुळे होणारा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या काही सहस्रांश इतकाच असतो.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन्ही वेधशाळांनी अशी लहर प्रथमच थेट टिपली. सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे सुमारे १.३ अब्ज प्रकाशवर्षे अंतरावर एकमेकांत विलीन झाली होती. या विलयात सुमारे तीन सूर्यांइतक्या वस्तुमानाचे रूपांतर गुरुत्वीय लहरींच्या ऊर्जेत झाले. या शोधाची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ रोजी करण्यात आली. २०१७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक रायनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना देण्यात आले.

कार्यतत्त्व

लायगोची मूळ रचना १९ व्या शतकात अल्बर्ट मायकेलसन यांनी तयार केलेल्या व्यतिकरणमापीवर आधारित आहे. एका लेसर किरणाचे अर्धपारदर्शक आरशाच्या साहाय्याने दोन भाग केले जातात. हे दोन भाग काटकोनातील दोन भुजांमधून जातात, टोकाच्या आरशांवरून परततात आणि पुन्हा एकत्र येतात. दोन्ही भुजांमधील मार्ग ठरावीक प्रमाणात जुळवलेले असताना एका किरणाच्या तरंगाचा शिखरबिंदू दुसऱ्याच्या तळबिंदूवर येतो आणि निर्गमद्वारापाशी जवळजवळ अंधार राहतो. गुरुत्वीय लहरीमुळे एक भुजा लांबली आणि दुसरी आखूड झाली, तर ही जुळणी बिघडते व निर्गमद्वारापाशी प्रकाश दिसू लागतो. या प्रकाशाच्या चढउतारातून लहरीचे स्वरूप कळते.

केवळ एवढी रचना पुरेशी नसते. म्हणून प्रत्येक भुजेत आणखी एक आरसा बसवून प्रकाशाला सुमारे ३०० वेळा मागे-पुढे फिरवले जाते. त्यामुळे ४ किलोमीटरची भुजा प्रकाशाच्या दृष्टीने सुमारे १,२०० किलोमीटर लांबीची होते. लेसरकडे परत जाणारा प्रकाशही आणखी एका आरशाने पुन्हा आत वळवला जातो.

लेसर आणि आरसे

लायगोमध्ये निओडिमियमयुक्त याग स्फटिकाचा लेसर वापरला जातो. त्याची तरंगलांबी १,०६४ नॅनोमीटर असून हा अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. आरंभी केवळ २ वॉट शक्तीचा, परंतु अत्यंत स्थिर किरण तयार करून तो टप्प्याटप्प्याने वर्धित केला जातो. प्रगत लायगोचा आराखडा सुमारे २०० वॉटच्या लेसरवर आणि भुजांमध्ये साठणाऱ्या सुमारे ७५० किलोवॅट प्रकाशशक्तीवर बेतलेला आहे. येथे शक्तीइतकेच स्थैर्यही महत्त्वाचे असते. लेसरच्या तीव्रतेत किंवा वारंवारतेत अल्पसा चढउतार झाला, तरी तो गुरुत्वीय लहरीसारखा भासू शकतो.

मुख्य आरसे शुद्ध संगलित सिलिकाचे असून प्रत्येकाचे वजन ४० किलोग्रॅम आणि व्यास ३४ सेंटिमीटर असतो. जमिनीची कंपने त्यांच्यापर्यंत पोहोचू नयेत म्हणून हे आरसे चार पायऱ्यांच्या लंबकाच्या तळाशी टांगलेले असतात. शेवटच्या पायरीवर धातूच्या तारांऐवजी सुमारे ०.४ मिलिमीटर जाडीचे सिलिकाचे तंतू वापरलेले असतात, कारण त्यांच्यातील औष्णिक थरथर धातूपेक्षा खूपच कमी असते. आरशांवरील परावर्तक लेपांच्या अणूंची औष्णिक हालचाल ही संवेदनशीलतेवरील मोठी मर्यादा आहे. त्यामुळे अधिक 'शांत' लेप शोधणे हे प्रकाशिकीतील संशोधनाचे एक प्रमुख क्षेत्र झाले आहे.

किरणांचा संपूर्ण मार्ग निर्वात ठेवावा लागतो, कारण हवेचे रेणूही मोजमापात अडथळा आणतात. ४ किलोमीटर अंतरात पृथ्वीच्या वक्रतेमुळे जमीन सरळ रेषेपासून १ मीटरहून अधिक खाली जाते. नळ्या सरळ रेषेत टाकताना हा फरकही विचारात घ्यावा लागतो.

पुंजीय मर्यादा आणि आकुंचित प्रकाश

लेसरचा किरण अखंड धारेसारखा वाटला तरी तो फोटॉन या प्रकाशकणांचा बनलेला असतो. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचे थेंब जसे मोजून समान अंतराने पडत नाहीत, तसे फोटॉनही शोधकावर अनियमितपणे येतात. या अनियमिततेमुळे मोजमापात गोंगाट निर्माण होतो. लेसरची शक्ती वाढवल्यास त्याचे सापेक्ष प्रमाण घटते. परंतु फोटॉन आरशावर आदळताना त्याला सूक्ष्म धक्काही देतात. शक्ती वाढवली की हे धक्केही वाढतात. पहिल्या प्रकारचा गोंगाट उच्च वारंवारतेला, तर दुसऱ्या प्रकारचा निम्न वारंवारतेला त्रासदायक ठरतो. केवळ शक्ती वाढवून किंवा घटवून दोन्हींवर एकाच वेळी मात करता येत नाही.

यावरचा उपाय कार्लटन केव्ह्ज यांनी १९८१ साली सुचवला. पुंजयामिकीच्या अनिश्चितता तत्त्वानुसार प्रकाशाची कला आणि त्याचा आयाम या दोन्हींतील अनिश्चितता एकाच वेळी शून्य करता येत नाही. मात्र, एकीतील अनिश्चितता दुसरीकडे ढकलता येते. फुग्याची एक बाजू दाबली की दुसरी फुगते, तसाच हा प्रकार आहे. अशा प्रकाशाला आकुंचित प्रकाश म्हणतात. विशिष्ट स्फटिकात हिरव्या लेसर प्रकाशापासून परस्परसंबद्ध अवरक्त फोटॉनांच्या जोड्या तयार करून तो मिळवला जातो आणि व्यतिकरणमापीच्या निर्गमद्वारातून आत सोडला जातो.

अमेरिकेतील दोन्ही वेधशाळांमध्ये २०१९ च्या निरीक्षण-फेरीपासून आकुंचित प्रकाशाचा नियमित वापर सुरू झाला. २०२३ पासून त्यात आणखी एक सुधारणा करण्यात आली. ३०० मीटर लांबीच्या स्वतंत्र प्रकाशकोठडीतून हा प्रकाश नेऊन, उच्च वारंवारतेला कलेतील आणि निम्न वारंवारतेला आयामातील अनिश्चितता कमी होईल, अशी व्यवस्था करण्यात आली. त्यामुळे दोन्ही प्रकारच्या गोंगाटांवर एकाच वेळी नियंत्रण मिळू लागले.

या सुधारणांचे फळ १४ जानेवारी २०२५ रोजी टिपलेल्या लहरीत दिसले. या वेळची कृष्णविवरे २०१५ मधील कृष्णविवरांसारखीच, म्हणजे प्रत्येकी सूर्याच्या तीसहून थोड्या अधिक पट वस्तुमानाची होती आणि त्यांचे अंतरही जवळपास तितकेच होते. तरीही गोंगाटाच्या तुलनेत हा संकेत पहिल्या संकेतापेक्षा सुमारे तिप्पट स्पष्ट होता. लहर तशीच होती. मधल्या दहा वर्षांत उपकरण सुधारले होते. या स्पष्टतेमुळे विलयानंतर कृष्णविवराच्या पृष्ठाचे एकूण क्षेत्रफळ कमी होत नाही, हे स्टीफन हॉकिंग यांचे प्रमेय अधिक विश्वासाने पडताळता आले.

संवेदनशीलतेतील लहान वाढही मोठा लाभ देते. वेधशाळेचा पल्ला दुप्पट झाला, तर तिच्या आवाक्यातील अवकाशाचे घनफळ आठपट होते आणि टिपल्या जाणाऱ्या घटनाही त्याच प्रमाणात वाढतात.

भारतातील वेधशाळेची आवश्यकता

एकटी वेधशाळा लहरीची दिशा अचूक सांगू शकत नाही. ती दिशा मुख्यतः वेगवेगळ्या वेधशाळांमध्ये लहर पोहोचण्याच्या वेळेतील फरकावरून काढली जाते. २०१५ ची लहर लिव्हिंग्स्टन येथे हॅनफर्डच्या सुमारे ७ मिलिसेकंद आधी पोहोचली होती. गुरुत्वीय लहरी प्रकाशाच्या वेगाने प्रवास करतात. बीड जिल्ह्यातील आष्टीपासून औंढा नागनाथपर्यंतचे सुमारे २०० किलोमीटरचे सरळ अंतर अशी लहर एका मिलिसेकंदाहून कमी वेळात ओलांडू शकते. वेधशाळा जितक्या दूर, तितका वेळेतील फरक मोठा आणि दिशेचा अंदाज नेमका. अमेरिकेतील दोन वेधशाळांमधील अंतर प्रकाशाला कापण्यास सुमारे १० मिलिसेकंद लागतात, तर अमेरिका आणि मराठवाडा यांच्यासाठी हाच काळ ३५ ते ४० मिलिसेकंदांचा असेल.

नेमक्या दिशेचे महत्त्व १७ ऑगस्ट २०१७ रोजी स्पष्ट झाले. त्या दिवशी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलयाची लहर टिपली गेली. इटलीतील व्हर्गो वेधशाळेच्या मदतीने स्रोताची दिशा सुमारे ३० चौरस अंशांच्या पट्ट्यात निश्चित झाली. त्यामुळे काही तासांतच दुर्बिणींना एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत त्या घटनेचा प्रकाश सापडला. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही या स्रोताची निरीक्षणे घेतली. अशा घटनांचा प्रकाश लवकर मावळतो. शोधायचे क्षेत्र मोठे असेल, तर दुर्बिणी तेथे पोहोचेपर्यंत तो निसटून जातो. लायगो-इंडियामुळे हे क्षेत्र लक्षणीयरीत्या कमी होईल. तसेच एखादी वेधशाळा दुरुस्तीसाठी बंद असली, तरी जाळे कार्यरत राहील.

भारतीय संशोधकांचे योगदान

सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० साली कृष्णविवर विचलित झाल्यावर घंटेच्या नादासारख्या, हळूहळू विरणाऱ्या लहरी उत्सर्जित करते, हे दाखवले. पुण्याच्या आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्रातील (आयुका) संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी, सैद्धान्तिक तरंगरूपांशी नोंदी ताडून गोंगाटातून क्षीण संकेत शोधण्याच्या पद्धतीवर मूलभूत काम केले. बाला अय्यर यांनी परस्परांभोवती फिरणाऱ्या जोडताऱ्यांच्या लहरींच्या गणितात महत्त्वाची भर घातली. या क्षेत्रातील संशोधकांना एकत्र आणणारा 'इंडिगो' हा गट २००९ साली स्थापन झाला.

प्रकल्पाची वाटचाल

भारतात बसवायची यंत्रसामग्री मुळात हॅनफर्ड येथील दुसऱ्या व्यतिकरणमापीसाठी होती. ती अमेरिकेबाहेर बसवल्यास अधिक उपयोग होईल, या विचाराने आधी ऑस्ट्रेलियाकडे विचारणा झाली. तेथे निधीअभावी योजना मागे पडल्यानंतर भारताचा पर्याय पुढे आला.

केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी प्रकल्पास तत्त्वतः मान्यता दिली. ३१ मार्च २०१६ रोजी भारताचा अणुऊर्जा विभाग व विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाशी सामंजस्य करार केला. सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या संपूर्ण प्रकल्पाला एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी मिळाली आणि ११ मे २०२३ रोजी कोनशिला बसवण्यात आली. त्या वेळी काम २०३० पर्यंत पूर्ण होणे अपेक्षित होते. या प्रकल्पात आयुका, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचे बांधकाम संचालनालय या चार संस्था सहभागी आहेत.

तत्त्वतः मान्यता आणि अंतिम मंजुरी यांच्यामध्ये सात वर्षे गेली. या काळात आकुंचित प्रकाशाचे तंत्र प्रयोगावस्थेतून नित्य वापरात आले. त्यामुळे साठवून ठेवलेली मूळ सामग्री जशीच्या तशी जोडून भागणार नाही. इतर वेधशाळांच्या बरोबरीने काम करायचे, तर नव्या सुधारणांसह ती उभी करावी लागेल.

जागेची निवड आणि कंपने

व्यतिकरणमापीसाठी सपाट, विरळ वस्तीची आणि कंपनांपासून शक्य तितकी मुक्त जागा लागते. रहदारी, रेल्वे, अवजड यंत्रे आणि वारा यांमुळे होणारी जमिनीची थरथर मोजमापात उतरते. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानल्या जाणाऱ्या नागनाथ मंदिरासाठी प्रसिद्ध असलेला औंढा नागनाथचा परिसर समुद्रापासून दूर, दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे.

मात्र, मराठवाडा भूकंपमुक्त नाही. लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे ३० सप्टेंबर १९९३ रोजी विनाशकारी भूकंप झाला होता. हिंगोली परिसरातही २१ मार्च २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचा धक्का नोंदवला गेला. मोठ्या धक्क्यामुळे आरशांची जुळणी सुटते आणि ती पुन्हा बसेपर्यंत निरीक्षण थांबवावे लागते. त्यामुळे कंपन-विलगीकरणाची व्यवस्था येथे विशेष महत्त्वाची आहे. वेधशाळा सुरू झाल्यानंतरही परिसर शांत ठेवावा लागेल. भोवतालचे रस्ते, खाणकाम आणि उद्योग यांच्या नियोजनात तिच्या गरजांचा विचार करणे हा प्रकल्पाच्या यशाचाच भाग असेल.